पेशंटचा माठ

यंदा उन्हाळा तापायला लागला तशी साताऱ्याहून पुतणीनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. सांगली-मिरजेतली फारशी कुणाला माहीत नसलेली खाण्यापिण्याची ठिकाणं, असं त्यात होतं. काळा चष्मा लावलेला एक मुलगा गल्लीबोळातून फिरत होता, वडे खात होता, डोळे मिटून मान डोलावत होता. मी भाजी निवडता निवडता बघत होते. शेवटी तो मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत शिरला. भिंतीला टेकून वाळत ठेवलेले तंबोऱ्याचे भोपळे दिसले, त्याच्या पुढं ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन माठ दिसले आणि माझा हात थांबला. तो मुलगा आंबिलीचा ग्लास उंचावून म्हणत होता, "मित्रांनो, ही जागा कुणालाच माहीत नाहीये."

मी मोबाईल पालथा ठेवला. दिवसभर माझं डोकं तापलेलं होतं. घरात मी एकटीच, त्यामुळं रागवायलाही कुणी समोर नव्हतं.

कुणालाच माहीत नाही म्हणजे कुणाला? आटपाडीच्या माणसाला ती जागा माहीत आहे. जतच्या, अथणीच्या, विजापूरच्या माणसाला माहीत आहे. ज्याचं कुणी ना कुणी मिरजेच्या कॉटवर पडलं, त्या प्रत्येकाला माहीत आहे. पहाटेच्या रेल्वेनं उतरून, एका हातात एक्स-रेची पिशवी आणि दुसऱ्या हातात म्हाताऱ्याचं मनगट धरून चालणाऱ्या बाईला स्टेशनाबाहेरच कुणीतरी सांगतं, की त्या बोळात आक्का आहे, ती गरम भाकरी देते आणि भांडी घासायला नळ पण देते. पलीकडं सुंठ घातलेलं दूध मिळतं. आणि पेशंटला गिळता येत नसलं तर चाचीकडं जा. हा नकाशा कुणी काढलेला नाही. तो हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून एका माणसानं दुसऱ्याला तोंडी दिलेला असतो. मलाही तसाच मिळाला.

त्याला सात-आठ वर्षं झाली. माझ्या वडिलांना, आबांना, अन्ननलिकेत गाठ निघाली. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शनीवर आल्यावर तीस वर्षं त्यांनी कडेगावात ऊस केला आणि पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून अर्ध्या गावाशी भांडणं केली. आवाज असा, की त्यांनी रानातून हाक मारली तर मी घरात भाकरी तव्यावर टाकून पळत सुटायचे. त्या माणसाला एप्रिलात भाकरीचा घास उतरेनासा झाला, आणि मग पाणीसुद्धा अडकायला लागलं. मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं दुर्बीण घालून वाट थोडी मोकळी केली आणि एक नळी बसवली. अठरा दिवस ठेवून घेतलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. परीक्षा संपल्या होत्या, सुट्टी लागली होती, म्हणून मीच त्यांच्यापाशी राहिले.

डॉक्टर म्हणाले, पातळ द्या, गाळून द्या, गार-गरम नको. हॉस्पिटलचं कँटीन त्याच महिन्यात नवं उघडलं होतं. तिथं पुडीतलं सूप मिळायचं, पिवळं, वरून कॉर्नफ्लोअरचा चिकट थर धरलेलं. आबांनी एक चमचा तोंडात घेतला आणि मान फिरवली.

"ही खळ हाय," ते म्हणाले. "पाट्या चिकटवायला ने शाळंत."

शेजारच्या कॉटवर अथणीकडची एक म्हातारी होती. तिच्या सुनेनं मला चाचीचं सांगितलं. तेव्हा चाचीचा गाडा हॉस्पिटलच्या फाटकाला लागूनच, गुलमोहराखाली असायचा. चाची म्हणजे शमीमचाची. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याच्या भोपळ्यांचं काम. नवऱ्याच्या पाठीनं दगा दिला तसा चाचीनं गाडा लावला. पाच फुटांच्या आतली, काटकुळी, नाकात चमकी, पदर डोक्यावर घट्ट. तिच्यापुढं दोन माठ. एक बरोबर आलेल्यांचा, त्यात लसूण, जिरं, मिरचीचा ठेचा. दुसरा पेशंटचा. त्यातली आंबील ती मलमलीतून दोनदा गाळायची, मिरची-लसूण काही नाही, नुसतं ताक आणि मीठ. नाचणीचं पीठ आदल्या दिवशी ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, मग माठात ओतून माठ सावलीत ठेवायचा.

"पेशंटला काय झालंय?" ती आधी विचारायची. मधुमेह, किडनी, पोटाचं ऑपरेशन. काही जणांना ती सरळ नाही म्हणायची. "तुमच्या मान्साला आज न्हाई चालणार. डॉक्टरला इचारून या, मग देते." मी नंतर हॉस्पिटलच्या किती खिडक्यांपुढं उभी राहिले, पण पेशंटला काय झालंय हे इतकं नीट मला कुणी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मी स्टीलच्या कडीच्या डब्यातून आंबील नेली. आबांनी पहिला घोट घेतला आणि तो खाली उतरेपर्यंत थांबले. मग दुसरा घेतला. पाऊण डबा त्यांनी तासाभरात संपवला. आठ दिवसांत त्यांच्या पोटात गेलेलं ते पहिलं अन्न. ते उठून बसले, नर्सला तिचं गाव विचारलं आणि छताचा पंखा कुरकुरतोय त्याला तेल घाला म्हणून वॉर्डबॉयला दरडावलं. मी व्हरांड्यात जाऊन रडले.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी फाटकावर पाटी लागलेली होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई आहे. पाटीखाली पहारेकऱ्याची खुर्ची.

"मॅडम, डब्यात काय हाय?"

"आंबील. माझ्या वडिलांना डॉक्टरांनी पातळ द्यायला सांगितलंय."

"कँटीनमधनं घ्या. बाहेरचं बंद झालंय."

"मग आता हे काय करू?"

त्यानं गुलमोहराच्या आळ्याकडं बोट केलं. "तिथं वता."

आणि मी ओतली. कुणी माझ्या हातातून डबा हिसकावला नाही. कुणी मला ढकललं नाही. मी स्वतःच्या हातानं झाकण काढलं, वाकले आणि तांबूस आंबील त्या मातीत ओतली, वरून डबा उपडा करून झटकलाही. मला ते झटकणं आजही आठवतं आणि अंग पेटतं. तीस वर्षं मी पोरांना पाट्या वाचायला शिकवलं. पाटीवर लिहिलेलं ऐकायचं असतं हेही शिकवलं. ते मीच किती पक्कं शिकले होते हे त्या सकाळी कळलं.

मला कुणी सांगेल, की नियमामागं कारण असतं. बाहेरच्या अन्नानं पेशंटला बाधा होते. होत असेल. गाड्यावरचं पाणी कसलं, हात कुणाचे, हे प्रश्न खरे आहेत, मी नाकारत नाही. पण मग ते चार दिवस आधी का पडले नाहीत? कँटीनचं उद्घाटन होऊन हार सुकायच्या आत ते का पडले? आणि कँटीनमधल्या वड्याचं तेल काळं होईपर्यंत तळलेलं मी रोज बघत होते, त्याला कुणी बाहेरचं म्हणत नव्हतं.

वर गेले. आबा उशीला टेकून वाट बघत होते.

"आणलीस?"

मी त्यांना खरं सांगितलं असतं तर ते सलाईनची नळी हाताला तशीच ठेवून जिना उतरले असते. निदान मला तशी भीती वाटली. मी म्हणाले, "आज गाडा लागला नाही, आबा."

"का?"

"काय की. उद्या लागंल."

दुसऱ्या दिवशीही गाडा लागला नाही. तिसऱ्या दिवशी चाचीच्या घरी कुणी आजारी होतं. मी एकदा खोटं बोलले आणि मग त्याला रोज नवं ठिगळ लावत गेले. आबा ऐकून घ्यायचे आणि सुपाचे दोन चमचे गिळायचे. तिसरा पुढं केला की डोळे मिटून घ्यायचे.

चाचीला मात्र मी सगळं सांगितलं. ती पळी माठात तशीच धरून ऐकत राहिली.

"तुमचा डॉक्टर कोन?"

मी नाव सांगितलं.

"आवं, त्यो तर रोज येतोय हितं. दुपारी, बारा-साडेबाराला. दोन गिलास पितोय, मिरचीचा. त्याला म्हना, लिवून दे कागदावर. त्याचा शब्द कोन मोडनार हाय?"

बारा वाजेपर्यंत तिनं मला थांबवून धरलं. डॉक्टर आले. पस्तिशीचे, हसतमुख, गळ्यात स्टेथोस्कोप. वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. आबांशी तो प्रेमानं बोलायचा. त्यानं ग्लास हातात घेतला, एका दमात अर्धा केला, तेव्हा मी विचारलं.

"डॉक्टर, आबांना ही आंबील चालेल ना?"

"अहो, उत्तम आहे. पचायला हलकी, ताकद देणारी."

"मग तेवढं कागदावर लिहून द्या. खाली अडवतात."

त्याचा ग्लास थोडा खाली आला. "तसं नाही करता येत, बाई. मॅनेजमेंटचा नियम आहे. माझी वैयक्तिक काही हरकत नाही. पण लिहून दिलं तर मग सगळेच मागतील."

"मागू देत की."

तो हसला. मी काहीतरी गमतीचं बोलले असावे अशा तऱ्हेनं हसला, दुसरा ग्लास संपवला, मिशा पुसल्या आणि आत गेला. पहारेकरी त्याला बघून उठून उभा राहिला. त्याच्या पोटात दोन ग्लास बाहेरचं होतं, त्याला कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तो पुन्हा आला. गाड्याभोवती पाच-सहा माणसं होती. चाचीनं सगळ्यांना दिलं आणि माठावर ताटली ठेवली.

"चाची, माझा?"

"तुमाला न्हाई देता येत, डॉक्टर."

"का, संपली?"

"संपली न्हाई. हे बाहेरचं हाय. तुमाला काय झालं तर?"

तो पुन्हा हसायला लागला, पण चाची हसली नाही. इतर कुणीही हसलं नाही. अथणीची ती सून पदराचं टोक दातात धरून त्याच्याकडं बघत होती. डॉक्टरांनी इकडंतिकडं पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि ते फाटकातून आत गेले. त्यानंतर मी त्यांना गाड्यावर कधी पाहिलं नाही.

ती दुपार मला फार गोड लागली. पण त्या गोडव्यानं आबांच्या पोटात काही गेलं नाही. अथणीची सून औषधाच्या बाटलीतून चोरून न्यायची. तिनं मलाही बाटली देऊ केली. मी घेतली नाही. पकडले गेले तर, बाई आहे शाळेतली, लोक काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात. लोक म्हणजे कोण, तर तो खुर्चीतला पहारेकरी. चाचीनं तिचं बळ होतं तेवढं लावलं. माझ्याजवळ होतं तेवढं मी जपून ठेवलं. कशासाठी, ते आता विचारून उपयोग नाही.

अठराव्या दिवशी आबांना घरी सोडलं. गावातल्या एकाची जीप आणली होती. दोघांनी धरून आबांना पुढच्या सीटवर बसवलं. ते पार वाळले होते. सदऱ्याच्या गळ्यातून गळपट्टीची हाडं वर आलेली. जीप फाटकाबाहेर पडली आणि गुलमोहराखाली गाडा दिसला. दोन्ही माठ. भोवती माणसं. आबा बघत राहिले.

चाचीनं मला ओळखलं. ती पेशंटच्या माठातला ग्लास भरून धावतच जीपपाशी आली आणि खिडकीतून आबांच्या हातात दिला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला. सावकाश, एकेक घोट घेत, थांबत, त्यांनी तो पुरा प्यायला. मग मिशीवरून हात फिरवून विचारलं,

"पोरी, आजच लावलास व्हय गाडा?"

"न्हाई आबा. रोज असते मी. शुक्रवारीबी असते."

"मधी आजारी हुतं म्हनं घरात कोन."

"न्हाई बा. सगळी बरी हायती."

आबांनी ग्लास परत दिला. ते मागं वळले नाहीत. मी मागच्या सीटवर होते, मला त्यांची फक्त मान दिसत होती. मिरज गेलं, सांगली गेली, रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस लागला. मग कडेगाव आलं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मी त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. पाटी, पहारेकरी, गुलमोहराचं आळं, डॉक्टर. मला वाटलं ते हॉस्पिटलवर भडकतील. निदान शिवी घालतील. ते छताकडं बघत म्हणाले,

"मग तू काय म्हनलीस त्याला?"

"कुणाला?"

"त्या पहारेवाल्याला."

"काही नाही."

"काईच न्हाई?"

"ओतून टाकली, आबा."

त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला जायाचा कटाळा आला आसंल. तसं आस्तं तरी बरं हुतं."

आषाढात आबा गेले. शेवटचे दीड महिने मी घरी आंबील केली. चाचीला विचारून तशीच केली, मलमलीतून दोनदा गाळली. ते प्यायले. कधी चांगली झाली म्हणाले नाहीत आणि कधी वाईटही म्हणाले नाहीत. बोलायचे, चिडायचे, पाटाच्या पाण्याची चौकशी करायचे. त्या विषयावर मात्र पुन्हा कधी आले नाहीत. मी हॉस्पिटलला माफ करू शकले असते, बहुतेक. ती एक इमारत आहे. डॉक्टरचा राग येतो, पण त्याला निदान नाव-गाव आहे. गुलमोहराखाली वाकून डबा झटकणाऱ्या त्या बाईचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. उन्हाळा आला, गावात कुणाच्या दारात नाचणी वाळत पडली, की ती दिसते.

चाचीचा गाडा पुढं तिथं राहिला नाही. फाटकासमोर वर्दळीला अडथळा होतो असा कुणीतरी अर्ज केला आणि सगळे गाडे उठवले. ती आपल्या घरापुढं, भोपळ्यांच्या गल्लीत बसायला लागली. आता ती स्टुलावर बसून नुसतं विचारते, पेशंटला काय झालंय म्हणून. पळी सुनेच्या हातात असते.

त्या व्हिडिओनंतर पंधरा-वीस दिवसांनी आमच्या शेजारच्या सुमनला मिरजेला नेलं. वय चाळीस, पोटाचं ऑपरेशन. नेमकं त्याच हॉस्पिटलात. तिचा नवरा ट्रकवर, दोन दिवसांनी येणार होता. मी म्हणाले, मी जाते. रिटायर बाईला काय काम आहे. तिसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरबाईंनी पातळ द्यायला सांगितलं, ताक चालेल म्हणाल्या. मी गल्लीत गेले. चाचीनं मला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, "आबांची लेक." आणि सुनेला पेशंटचा माठ दाखवला.

फाटकावर तीच पाटी, नवा रंग दिलेली. खुर्चीत दुसरा माणूस, पन्नाशीचा.

"मावशी, पाटी वाचली का?"

"वाचली."

"मग डबा हितं ठेवा."

"नाही ठेवत."

त्यानं मान वर करून पाहिलं. मी डब्याची कडी दोन्ही हातांनी धरली. "नियम हाय, मावशी. मला बोलणी बसतील."

"तुम्हाला नकोत. ज्यांनी नियम केलाय त्यांना बोलवा."

गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण मॅनेजर खाली आला. त्यानं मला काकू म्हटलं. हे तुमच्या पेशंटच्याच भल्यासाठी आहे, असं तो फार गोड आवाजात म्हणाला.

"तिच्या डॉक्टरबाईंनी ताक चालेल म्हणून सांगितलंय," मी म्हणाले. "तुम्हाला चालत नसेल तर मला कागदावर लिहून द्या. या पेशंटला आंबील देऊ नये, असं लिहा आणि खाली सही करा. मी कागद घेऊन परत जाते."

"असं कसं लिहून देणार, काकू?"

"मग मी असं कसं ओतू?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला. मग बाजूला जाऊन त्यानं फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. मी डबा छातीशी धरून उभी. ऊन डोक्यावर आलं होतं. पहारेकऱ्यानं आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली, मी बसले नाही. मॅनेजर परत आला आणि म्हणाला, "ठीक आहे, आजच्या दिवस जाऊ द्या यांना."

मी हलले नाही. माझ्या मागं माणसं थांबली होती. आटपाडीकडचा एक म्हातारा होता, त्याच्या हातात फडक्यात बांधलेला डबा. एका बुरखेवाल्या बाईकडं थर्मास. एक पोरगी, बहुतेक कॉलेजातली, हातात कडीचं भांडं.

"यांचं काय?" मी विचारलं.

"काकू, तुमचं झालं ना आता?"

"यांचं आधी होऊ द्या."

मी फाटकाच्या मधोमध उभी होते आणि मी सरकले असते तरच फाटक बंद करता आलं असतं. मॅनेजरनं पहारेकऱ्याकडं पाहिलं. पहारेकरी दुसरीकडं बघत होता. म्हातारा माझ्या शेजारून आत गेला, मग ती बाई, मग ती पोरगी. त्यांच्यानंतर मी जिना चढले. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास गेला असेल.

सुमन जागी होती. मी पेल्यात आंबील ओतून तिच्या ओठांना लावली. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पार कोमट झाली की ओ, बाई."

"थांब, दुसरी आणते," मी म्हणाले आणि डबा धुवून पुन्हा खाली फाटकाकडं निघाले.